जॉन वुडन: दहा ट्रॉफ्यांच्या आधीची पंधरा वर्षं

एका तरुण कोचचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "सर, जॉन वुडनचं एवढं कौतुक कशासाठी करतात? अलसिंडर आणि वॉल्टनसारखे रिंगपाशी खेळणारे उंच सेंटर हाताशी असले तर कुणीही जिंकेल. मी कॉलेजात दोन वर्षं बास्केटबॉल घेतोय, माझ्या टीममध्ये सहा फुटाचा एकच पोरगा आहे आणि तोही संध्याकाळी वडिलांच्या किराणा दुकानात बसतो. मला या माणसाकडून घेण्यासारखं काय आहे?"

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस. मी आयुष्यभर कॉलेजच्या पोरांना बास्केटबॉल शिकवला, बहुतेक सिमेंटच्या कोर्टवर, पावसाळ्यात तर कित्येकदा शेवाळ खरवडूनच सुरुवात व्हायची, त्यामुळे तुझा वैताग कळतो. तरुणपणी मीही हेच म्हणायचो, की सात फुटाचा माणूस द्या मग मीही दाखवतो. तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण उरलेलं अर्धं कळायला मला बरीच वर्षं लागली म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आकडे, म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल कुणाबद्दल चाललंय. जॉन वुडन १९४८ ते १९७५, सत्तावीस सीझन, यूसीएलएचे कोच होते, म्हणजे लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ. ६२० जिंकल्या, १४७ हरल्या. शेवटच्या बारा वर्षांत दहा एनसीएए चॅम्पियनशिप (एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना), त्यातल्या १९६७ ते १९७३ अशा सात लागोपाठ. चार सीझन एकही मॅच न हरता, ३०-०. सलग ८८ मॅच जिंकण्याचा विक्रम. हे ऐकलं की माणूस हात जोडतो आणि विचार करणं थांबवतो, आणि तिथेच गोची होते. कारण याच आकड्यांत दुसरा एक आकडा लपलाय जो पोस्टरवर कुणी छापत नाही. यूसीएलएत आल्यानंतर पहिली पंधरा वर्षं वुडनला एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळालं नाही. सोळाव्या सीझनला, १९६४ मध्ये, पहिलं. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते.

आता तू सांग, तुझ्या कॉलेजात प्राचार्य पंधरा वर्षं थांबतील?

मागचं थोडं सांगतो. जन्म १९१० चा, इंडियाना राज्यात, शेतकऱ्याच्या घरात. वडिलांनी डुकरांना टोचलेली लस खराब निघाली, जनावरं मेली, शेत गहाण होतं ते गेलं, आणि कुटुंब मार्टिन्सव्हिल नावाच्या छोट्या गावात आलं. आपल्याकडे कोल्हापुरात कुस्तीचं जे आहे ना, ते इंडियानात बास्केटबॉलचं. असं सांगतात की त्या गावाच्या लोकसंख्येपेक्षा शाळेच्या जिममध्ये बसायला जागा जास्त होती. वुडन शाळेकडून लागोपाठ तीन वर्षं राज्याच्या फायनलला खेळले आणि १९२७ ची जिंकले. मग पर्ड्यू विद्यापीठ, तिथे तीन वेळा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत निवड. म्हणजे खेळाडू म्हणून माणूस मोठाच होता, पुढे बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू आणि कोच असं दोन्ही नात्यांनी जाणारे ते पहिले.

पण पदवी घेतली इंग्रजी विषयात, आणि नोकरी धरली शाळामास्तराची. हे नीट लक्षात ठेव, पुढचं सगळं यावर उभं आहे. अकरा वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि जोडीला वेगवेगळे खेळ घेतले. कोच म्हणून पहिल्याच वर्षी, केंटकीतल्या डेटन नावाच्या गावच्या शाळेत, टीम जिंकली त्याहून जास्त मॅच हरली. आयुष्यातला तो एकच तोट्याचा सीझन. मग युद्धात नेव्ही, आणि परत आल्यावर इंडियाना स्टेट नावाच्या शिक्षकांच्या कॉलेजात दोन वर्षं.

इथली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४७ मध्ये त्यांच्या टीमला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं, पण नियम असा की काळे खेळाडू आणायचे नाहीत. टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर नावाचा काळा मुलगा होता, आणि तो काही टीमचा स्टार नव्हता, बेंचवरचा खेळाडू. वुडननी आमंत्रण परत पाठवलं. पुढच्या वर्षी नियम बदलला, टीम गेली, वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला आणि टीम फायनलपर्यंत पोचली. स्टारसाठी भांडणारे कोच मी रग्गड बघितलेत. बेंचवरच्या पोरासाठी नॅशनल सोडणारा मला तरी आजवर भेटला नाही, आणि खरं सांगायचं तर तशी वेळ आली असती तर मी काय केलं असतं याची मला खात्री नाही.

यूसीएलएत ते जवळजवळ चुकून आले. त्यांना मिनेसोटाला जायचं होतं. वुडन सांगायचे की ठरलेल्या वेळी मिनेसोटाचा फोन आलाच नाही कारण तिकडे बर्फाचं वादळ होऊन लाइन तुटल्या होत्या, दरम्यान यूसीएलएचा फोन आला, यांनी हो म्हटलं, आणि थोड्या वेळाने मिनेसोटाचा फोन लागला. ते म्हणाले आता शब्द दिलाय. बास. आल्यावर बघतात तर जिम तिसऱ्या मजल्यावर, हवा खेळायला जागा नाही, एका बाजूला कुस्तीवाले आणि दुसऱ्या बाजूला जिम्नॅस्टिकवाले, खडूची पावडर उडतेय, आणि प्रॅक्टिसच्या आधी कोच स्वतः फरशीला पोछा मारतोय. त्या जिमला पोरांनी घामाच्या वासावरून जे नाव पाडलं होतं ते मी इथे लिहीत नाही. तीन वर्षांत नवं जिम देतो असं सांगून आणलं होतं, ते मिळालं १९६५ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. आपल्याकडचं इनडोअर स्टेडियमचं भूमिपूजन आठवलं की नाही? सुरुवातीला पगार इतका बेताचा की सकाळी एका डेअरीत ट्रकच्या फेऱ्या लावून द्यायची नोकरी आणि दुपारी प्रॅक्टिस असं काही वर्षं चाललं.

वुडन येण्याच्या आदल्या वर्षी टीम १२-१३ होती, म्हणजे बारा जिंकून तेरा हरलेली. सगळे म्हणत होते शेवटचा नंबर येणार. वुडनच्या पहिल्या वर्षी २२-७. तेव्हा ना अलसिंडर होता ना वॉल्टन, अलसिंडर तर तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता. तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

मग तो माणूस करत काय होता? याचं उत्तर सुदैवाने दोन मानसशास्त्रज्ञांनी मोजून ठेवलंय. गॅलिमोर आणि थार्प, १९७४-७५ च्या सीझनला, म्हणजे वुडनच्या शेवटच्या वर्षी, हे दोघं गॅलरीत बसून प्रॅक्टिस बघायचे आणि कोच तोंडातून काय काय काढतो ते वहीत टिपायचे. २,३२६ नोंदी झाल्या. त्यातली शाबासकी किती? ६.९ टक्के. नाराजी ६.६ टक्के. आणि ७५ टक्के निव्वळ माहिती, म्हणजे काय कर, कसं कर, कधी कर. भाषण नाही, "तुमच्यात आग पाहिजे" वगैरे काही नाही. छोटी छोटी वाक्यं, पोरगा धावत असतानाच त्याच्या कानावर पडतील अशी. एखादी चूक दिसली की थांबवायचं, बरोबर कसं ते करून दाखवायचं, मग पोराने काय केलं त्याची नक्कल करून दाखवायची, मग परत बरोबर करून दाखवायचं. बरोबर, चूक, बरोबर. हे सगळं बहुतेक वेळा काही सेकंदांत उरकायचं आणि खेळ पुढे सुरू.

हे वाचलं तेव्हा मी एक उद्योग केला. जखमी होऊन बाहेर बसलेल्या एका पोराला वही दिली आणि म्हटलं मी प्रॅक्टिसमध्ये जे जे ओरडतो ते लिहून काढ. संध्याकाळी वही बघितली आणि गप्प झालो. पानंच्या पानं "अरे काय करतोयस!", "डोकं कुठाय तुझं!", "पळ ना बाबा!" आणि मध्येमध्ये "शाब्बास". त्यात माहिती कुठे होती? "पळ" ही माहिती नाही, पोराला माहीत असतं पळायचंय, कुठे पळायचं ते माहीत नसतं. मी स्वतःला कडक आणि चांगला कोच समजायचो आणि तो पोरगा बिचारा अजून एकेक ओळ वाचून दाखवत होता.

दुसरी गोष्ट तयारीची. वुडन रोज सकाळी असिस्टंट कोचना घेऊन दुपारच्या प्रॅक्टिसचा प्लॅन करायचे, आणि या प्लॅनिंगला जवळजवळ प्रॅक्टिसइतकाच वेळ जायचा. मग छोट्या कार्डावर मिनिटांचा हिशेब: इतक्या वाजता हे ड्रिल, पाच मिनिटं, मग ते, दहा मिनिटं, कुठल्या रिंगवर किती बॉल ठेवायचे तेसुद्धा. ती कार्डं आणि वह्या वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या, म्हणजे अमुक वर्षी या तारखेला आपण काय घेतलं होतं आणि ते का चाललं नाही हे काढून बघता यायचं. वेळ झाली की ड्रिल बंद, जमलं असो नसो. प्रॅक्टिस दोन तासांच्या आसपास संपणार म्हणजे संपणार. आपल्याकडे "आज जमेपर्यंत सोडणार नाही" असं म्हणणारा कोच भारी समजला जातो, मीही म्हटलंय, आणि अंधार पडल्यावर घोटे मुरगळून घेतलेत पोरांनी.

आणि ती मोज्यांची गोष्ट, ती तू ऐकली असशील. सीझनच्या पहिल्या दिवशी, समोर देशातले सगळ्यात नावाजलेले खेळाडू बसलेत, आणि म्हातारा मोजे कसे घालायचे ते शिकवतोय. चुणी राहता कामा नये, करंगळीपाशी आणि टाचेपाशी हात फिरवून बघा, मग बूट, लेस एकेका भोकातून ओढून घट्ट, दुहेरी गाठ. पोरं एकमेकांकडे बघून हसायची. कारण साधं आहे, चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की प्रॅक्टिस बुडते. लोक ही गोष्ट फार तत्त्वज्ञान म्हणून सांगतात, पण मला ती निव्वळ व्यवहाराची वाटते, शाळामास्तर पहिल्या दिवशी पाटी कशी धरायची ते दाखवतो तसं.

आता १९६४. हे मला स्वतःला सगळ्यात आवडतं, अलसिंडरच्या वर्षांपेक्षाही. कारण ती टीम बुटकी होती, सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटाचा एकही माणूस नाही. वॉल्ट हॅझर्ड, गेल गुडरिच, कीथ एरिक्सन, फ्रेड स्लॉटर, जॅक हर्श. आणि वळण आणलं ते असिस्टंट कोच जेरी नॉर्मनने. त्याने मागे लागून वुडनना पूर्ण कोर्टवर झोन प्रेस खेळायला लावला, २-२-१, म्हणजे समोरच्याने बास्केट खाऊन एंड लाइनवरून बॉल आत टाकला की तिथूनच त्याला घेरायचं. आपल्याकडची पोरं प्रेस म्हटलं की बॉल हिसकायला झडप घालतात आणि फाउल करून बसतात. यांचा हिशेब वेगळा होता. बॉल हिसकता आला तर उत्तमच, पण मुख्य म्हणजे समोरच्याला त्याच्या वेगाने खेळू द्यायचं नाही, घाईत पास टाकायला लावायचं, धावायला लावायचं, आणि दम आधी त्याचा जाणार कारण यांची प्रॅक्टिसच तशी. मग एकदम दोनतीन मिनिटांत दहाबारा पॉइंट निघून जायचे आणि मॅच संपायची. फायनलला ड्यूकचे सेंटर उंचापुरे होते, यूसीएलए ९८-८३ ने जिंकली, बेंचवरून आलेल्या केनी वॉशिंग्टनने २६ पॉइंट मारले. सीझन ३०-०. पुढच्या वर्षी परत चॅम्पियन, फायनलला गुडरिचचे ४२.

बघ, पंधरा वर्षं एका पद्धतीने शिकवलेला, पन्नाशी ओलांडलेला, मोठं नाव असलेला माणूस हाताखालच्या तरुण असिस्टंटचं ऐकतो. मला मोज्यांपेक्षा हे जास्त अवघड वाटतं.

बरं, आता टॅलेंटकडे येऊ. अलसिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार, १९६५ मध्ये आला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीममधून खेळता यायचं नाही, त्यांची वेगळी टीम. नवं पॉली पॅव्हेलियन उघडलं तेव्हा या पहिल्या वर्षाच्या पोरांनी आदल्या दोन वर्षांच्या चॅम्पियन टीमला ७५-६० ने हरवलं. तर हो, असा खेळाडू मिळाल्यावर ट्रॉफ्या येणारच. त्यात स्पर्धाही आजच्यासारखी नव्हती, वीसपंचवीस टीम असायच्या, चार मॅच जिंकल्या की चॅम्पियन, आणि पश्चिमेकडचा गट तुलनेने सोपा होता असं म्हणणारे आहेत, ते काही चुकीचं म्हणत नाहीत. फक्त हेही बघ की तेव्हा एका कॉन्फरन्समधून, म्हणजे विद्यापीठांच्या एका गटातून, एकच टीम जायची, म्हणजे एखादा महिना वाईट गेला की वर्ष संपलं, आणि पुढे एक मॅच हरली की घरी. असं सात वर्षं लागोपाठ.

टॅलेंट सांभाळणं हेही काम आहे, हे तुला एखादा खरा स्टार मिळाला की कळेल. मिळालेला स्टार टीम कशी खातो ते मी बघितलंय. वुडनचा सेंटर प्रत्येक बॉल मागत नव्हता. बास्केट केली की पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं किंवा मान हलवायची असा नियमच होता. १९६७ नंतर कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी आली, सगळे म्हणाले ती अलसिंडरमुळे आली, आणि करीमचा तो स्कायहूक, म्हणजे डोक्यावरून एका हाताने टाकायचा शॉट, पुढे कुणाला अडवता आला नाही. वॉल्टनचं वेगळं. लांब केस, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत अटक, आणि कोच म्हणजे चर्चला जाणारा, केस बारीक ठेवा म्हणणारा म्हातारा. केसांवरून वॉल्टन एकदा अडून बसला, तुम्हाला सांगायचा हक्क नाही म्हणाला, तर वुडन म्हणाले बरोबर आहे, मला तो हक्क नाही, कोण खेळणार हे ठरवायचा हक्क मात्र आहे, तुझी आठवण येईल आम्हाला. वॉल्टन सायकल काढून न्हाव्याकडे. ही गोष्ट वॉल्टन स्वतः हसत हसत जन्मभर सांगत राहिला. आणि १९७३ च्या फायनलला त्याच वॉल्टनने २२ पैकी २१ शॉट टाकून ४४ पॉइंट केले.

हरण्याचंही सांगतो. १९६८ च्या जानेवारीत ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ५२,६९३ लोकांसमोर ७१-६९ ने हरले आणि सलग ४७ विजयांची साखळी तुटली. अलसिंडरच्या डोळ्याला दुखापत झालेली, एल्विन हेजने ३९ मारले. दोन महिन्यांनी सेमीफायनलला तीच टीम समोर, परत नॉर्मनने डोकं लढवलं, हेजवर एक माणूस चिकटवून बाकी चौघांचा झोन, म्हणजे प्रत्येकाने आपापली जागा राखायची, हेज दहावर थांबला, स्कोअर १०१-६९. आणि ८८ मॅचची साखळी १९७४ मध्ये नॉत्र दामविरुद्ध तुटली तेव्हा साडेतीन मिनिटं राहिली असताना यूसीएलए ११ ने पुढे होती, शेवटचे बारा पॉइंट समोरच्यांनी केले, ७१-७०. वुडन टाइमआउट फारसे घ्यायचे नाहीत, प्रॅक्टिसमध्ये शिकवलंय ते पोरांनी करावं अशी धारणा. त्या दिवशी ती अंगाशी आली असं माझं मत आहे.

देव्हाऱ्यात बसवू नये म्हणून बाकीचंही. बाहेरून शांत दिसणारा हा माणूस हातात कार्यक्रमपत्रिकेची सुरळी करून रेफ्रींना आणि समोरच्या खेळाडूंनाही टोचून बोलायचा, शिव्या नाहीत पण जिव्हारी लागेल असं. ह्यूस्टनच्या त्याच मॅचमध्ये एडगर लेसीला बाहेर बसवून परत आत घेतलं नाही, आणि लेसीने टीमच सोडली. १९७० मध्ये टीमच्या समारंभात बिल सीबर्ट या बेंचवरच्या खेळाडूने उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की इथे मुख्य खेळाडूंना एक न्याय आणि बेंचवाल्यांना दुसरा. क्लॅरेन्स वॉकरसाठी स्पर्धा सोडणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. याला उलट उदाहरणही आहे, स्वेन नेटर, वॉल्टनच्या मागे बसून कॉलेजात एकही मॅच पहिल्या पाचांत खेळला नाही, रोज प्रॅक्टिसला फक्त वॉल्टनशी झुंजायचा, आणि तरी एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या फेरीत घेतला गेला, पुढे वुडनबद्दल त्याने आयुष्यभर कृतज्ञतेने सांगितलं. बेंच सांभाळणं कुणालाच पूर्ण जमत नाही. सात-आठच खेळाडू खेळवायचे हा वुडनचा हट्ट होता आणि त्याची किंमत कुणीतरी देणारच.

सगळ्यात मोठा डाग सॅम गिल्बर्टचा. हा लॉस एंजेलिसचा पैसेवाला बिल्डर, खेळाडूंचा लाडका, त्यांना कपडेलत्ते, सवलती, काय काय मिळवून द्यायचा, जे एनसीएएच्या नियमात बसत नाही. १९८१ मध्ये एनसीएएने यूसीएलएवर कारवाई केली आणि त्याला लांब ठेवायला सांगितलं, ती वुडननंतरच्या काळाबद्दल होती, पण वर्तमानपत्रांनी खणून काढलं की हे प्रकार वुडनच्या वेळीही चालायचे. वुडननी काही दिलं असं कुणी म्हटलेलं नाही. पण त्यांनी बघितलं नाही, किंवा बघायचं टाळलं, आणि पुढे स्वतःही जवळपास तसं कबूल केलं. करंगळीजवळची चुणी दिसणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही हे मला आजही पटत नाही. आपल्याकडे पोराची हजेरी कशी भरली, परीक्षेला कोण बसलं, हे विचारायचं नाही असं ठरवणारे आपण, तेव्हा फार उंचावरून बोलत नाही मी.

शेवटचा सीझन १९७५. सेमीफायनलला समोर लुईव्हिल, त्यांचा कोच डेनी क्रम, वुडनचाच जुना खेळाडू आणि असिस्टंट. ओव्हरटाइममध्ये ७५-७४. ड्रेसिंग रूममध्ये पोरांना सांगितलं की सोमवारची मॅच माझी शेवटची. केंटकीला ९२-८५ ने हरवून दहावी ट्रॉफी. आणि वुडन सांगायचे, जिंकून कोर्टवरून निघताना यूसीएलएचाच एक माणूस भेटला आणि म्हणाला, छान झालं कोच, गेल्या वर्षी आमची निराशा केली होतीत ती भरून काढलीत. गेल्या वर्षी म्हणजे सेमीफायनलला दुहेरी ओव्हरटाइममध्ये हरले होते.

यात पुढच्या माणसाचे हाल काय झाले असतील बघ. जीन बार्टो आला, दोन वर्षांत ५२ जिंकला, ९ हरला, आणि लोकांच्या कटकटीला कंटाळून निघून गेला. ५२-९! मग एकामागून एक कोच, त्यात वॉल्ट हॅझर्डही, आणि पुढची ट्रॉफी यायला १९९५ उजाडलं, वीस वर्षं. काही जण म्हणतात की वुडनचा वारसा म्हणजे यूसीएलएसाठी ओझंच. माझं म्हणणं, त्यांनी पद्धत लिहून ठेवली होती, कार्डंसुद्धा ठेवली होती, पण लोकांनी वारसा म्हणून ट्रॉफ्या धरल्या.

आणि पैशांचं म्हणशील तर इतक्या वर्षांत त्यांचा पगार वर्षाला ३५ हजार डॉलरच्या वर कधी गेला नाही असं सांगतात. लेकर्स या लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक टीमने बोलावलं होतं, गेले नाहीत. बायको नेल १९८५ च्या २१ मार्चला वारली, त्यानंतर दर महिन्याच्या २१ तारखेला तिला पत्र लिहून उशीवर ठेवायचे. पॉलीच्या कोर्टला २००३ मध्ये नाव दिलं ते "नेल अँड जॉन वुडन कोर्ट", तिचं नाव आधी. २०१० मध्ये, शंभरीला चार महिने कमी असताना गेले.

तर तुझा सहा फुटाचा किराणावाला. त्याला तू उंच करू शकत नाहीस. तुझ्या जिमखान्याचं बजेट वाढवू शकत नाहीस, आणि मॅनेजमेंट म्हणेल यंदा झोनल स्पर्धेत नंबर आला पाहिजे, त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही, मला स्वतःला एका कॉलेजाने तिसऱ्या वर्षी नारळ दिला होता कारण इंटर-कॉलेजिएटची फायनल एका बास्केटने गेली. पण वुडनकडची जी गोष्ट फुकट मिळते ती घे. स्टेशनरीच्या दुकानातून कार्डांचा गठ्ठा आण. उद्याच्या प्रॅक्टिसचं कार्ड आज रात्री लिही, मिनिटांसकट, आणि घड्याळ बघून पाळ. पहिले आठदहा दिवस सगळं कोलमडेल, लेअपचं पाच मिनिटांचं ड्रिल बारा मिनिटं चालेल, ठीक आहे, कार्डाच्या मागे लिहून ठेव का चाललं. प्रेस शिकवायचा असेल तर आधी हिसकायला बंदी घाल, फक्त वाट अडवायची आणि बॉल कडेला ढकलायचा, हात मागे बांधून खेळव हवं तर, आठवड्याभरात पाय हलायला लागतात. आणि किराणावाल्याला सकाळी बोलाव ना, संध्याकाळीच प्रॅक्टिस असली पाहिजे असं कुणी सांगितलंय.

सगळ्यात आधी मात्र ते वहीचं कर. बाहेर बसलेल्या एखाद्या पोराला, शक्यतो फटकळ असेल त्याला, सांग की सर जे जे बोलतील ते लिही, तीन रकाने कर, शाबासकी, ओरडणं आणि माहिती. तीन दिवस. मग आपण पुढचं बोलू.